जुन्या गाडीत नवे स्पीकर: आधी दार, मग दुकान

उन्हाळ्यात एकदा बाबांना दवाखान्यातून घरी आणत होतो. गाडीत विविध भारती लागलं होतं. घराशी उतरता उतरता बाबा म्हणाले, "तुझ्या गाडीतल्या निवेदिकेची सर्दी काही बरी होत नाही रे." मी इतके दिवस बिचाऱ्या रेडिओ स्टेशनाला बोल लावत होतो. त्या रात्री पार्किंगमध्ये बसून बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, तर नुसती खरखर. पूर्ण उजवीकडे नेला, तर विहिरीतून यावा तसा आवाज. रविवारी डाव्या दारावरची जाळी काढली आणि स्पीकरच्या कडेला बोट लावलं. कडेचा फोम भाजलेल्या पापडासारखा चुरून हातात आला.

गाडी २००७ सालची. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत नेऊन, ग्रीन टॅक्स भरून पुन्हा नोंदणी करून आणलेली. इंजिन अजून पहिल्या चावीला चालू होतं. अशा गाडीवर किती खर्च करायचा हा घरोघरी वेगळा वाद असतो. आमच्याकडे तो तीन हजारांवर मिटला. तीन हजारांत काय येतं ते बघायला दुकानात गेलो.

"साहेब, दारातले छोटे कशाला बदलताय? मागच्या ट्रेवर लंबगोल, ओव्हल स्पीकर टाका. चारशे वॅट. काचा हलतील."

"पण माझा टेप जुना आहे."

"टेप कुठलाही चालतो हो."

(कॅसेट जाऊन जमाना झाला तरी गाडीतल्या स्टिरिओला मेकॅनिकपासून मालकापर्यंत सगळे टेपच म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.)

टेप कुठलाही चालतो, हे खरंच आहे. पण त्या चारशे वॅटचं काय होतं, ते त्या दुकानात कुणाला सांगायचं नव्हतं. मीही काही न घेता परत आलो आणि आधी वॅटचा हिशेब मांडला.

स्पीकर वीज तयार करत नाही, खातो. खोक्यावर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती खाऊ शकतो याचा आकडा. तोही बहुतेक वेळा क्षणभराचा. पंगतीत पाच लाडू रिचवणारा पाहुणा आला म्हणून आचाऱ्याकडे लाडू वाढत नाहीत. वाढणारा आचारी म्हणजे टेप, आणि त्याच्याकडे किती माल आहे हे गाडीची बॅटरी ठरवते.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. टेपच्या आतली छोटी चिप स्पीकरच्या दोन्ही तारा आलटून पालटून खेचते, म्हणून स्पीकरला एका दिशेने फार तर १४.४ आणि दुसऱ्या दिशेने तेवढेच व्होल्ट मिळतात. त्यापुढे भिंत. गाडीतला स्पीकर सहसा ४ ओहमचा असतो (ओहम म्हणजे तो विजेला किती अडवतो त्याचं माप). व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागला की वॅट मिळतात: १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, म्हणजे जवळपास ५२. टेपच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत '५० वॅट गुणिले ४' असं असतं, ते हे पन्नास. पण एवढे वॅट मिळायचे तर आवाजाची लाट वरून-खालून सपाट कापलेली, चौकोनी हवी. ते गाणं नसतं, भोंगा असतो. स्वच्छ, गोलसर लाटेला याच्या निम्मे म्हणजे २६ वॅट येतात, आणि चिपमध्ये जे जातं ते वजा केलं की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला पंधरा ते वीस वॅट उरतात. साध्या टेपच्या माहितीपुस्तिकेत मागच्या पानांवर बारीक अक्षरांत 'आरएमएस' (सतत देता येणारी ताकद) म्हणून याच्या आसपासचाच आकडा सापडतो.

वेगळा ॲम्प्लिफायर बसवायचा नसेल तर पुढचं सगळं या वीस वॅटांच्या संसारातच भागवायचं. आणि ते मजेत भागतं.

मग दुकानात विचारायचं काय? वॅट नाही, सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती मोठ्याने बोलतो, तो डेसिबलमधला आकडा. खोक्याच्या बाजूला ८७, ९०, ९२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. फरक दिसायला किरकोळ, पण हे मोजमाप फसवं आहे: दर ३ डेसिबलला लागणारी वीज दुप्पट होते. ८८ डेसिबलच्या स्पीकरला १८ वॅट देऊन जेवढा आवाज येतो तेवढाच ९१ चा स्पीकर ९ वॅटमध्ये देतो. म्हणजे योग्य स्पीकर निवडला की टेपची ताकद दुप्पट झाल्यासारखंच आहे, आणि त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. भारी किमतीचे, जड पडद्याचे स्पीकर पुष्कळदा ८६-८७ चे असतात. ते मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी बनवलेले असतात. साध्या टेपला जोडले की मरगळल्यासारखे वाजतात आणि मालक म्हणतो, एवढे पैसे घालून काय मिळालं.

एक खोच इथेही आहे. काही खोक्यांवर हा आकडा '१ वॅट'ला दिलेला असतो, काहींवर '२.८३ व्होल्ट'ला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक नाही, दोन वॅट होतात. म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या आकड्यात ३ डेसिबल फुकटात वाढवून घेतलेले आहेत. तुलना करताना ते वजा करायचे.

ओहमही बघून घ्या. काही स्पीकर मुद्दाम ४ पेक्षा कमी ओहमचे बनवतात, कारण ते तेवढ्याच व्होल्टला जास्त वीज ओढतात. नव्या, दमदार ॲम्प्लिफायरला ते मानवतं. जुन्या टेपच्या अंगावर '४ ते ८ ओहम' असं लिहिलेलं असेल तर त्या वाटेला जाऊ नये, चिप तापते.

पण त्याआधी मुळात स्पीकरच गेलाय ना, हे पाहिलेलं बरं. कित्येकदा दोष वायरचा असतो. दार आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये रबराची एक घडीघडीची नळी असते, तिच्यातून दाराच्या वायरी जातात. पंधरा-सोळा वर्षं दार उघडलं-मिटलं की त्यातली एखादी तार आतल्या आत तुटते. दार उघडं असताना आवाज येतो आणि मिटल्यावर जातो (किंवा उलट), असं असेल तर नवीन स्पीकर घेऊन काही उपयोग नाही.

स्पीकरची तपासणी पेन्सिल सेलवर होते. स्पीकरचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा खटका, काढायचा, दोन तारा घ्यायच्या आणि सेल स्पीकरच्या दोन पायांना क्षणभर टेकवायचा. 'टप्' असा आवाज येऊन पडदा उडी मारतो. मल्टिमीटर असेल तर ४ ओहमचा धडधाकट स्पीकर ३ ते ३.८ ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल, म्हणजे पडद्यामागची तारेची गुंडाळी, तुटलेली. शेवटी दोन्ही अंगठे पडद्याच्या दोन बाजूंना ठेवून तो हलकेच आत दाबायचा. आत काही घासल्यासारखं लागलं तर कॉइल चुंबकाच्या फटीत वाकडी बसलीय किंवा तिथे गंज-माती शिरलीय. माझ्या उजव्या दारातल्या स्पीकरचं तेच झालं होतं. डाव्याचा फोम गेलेला. फोम दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की त्याचं रसायनच विरत जातं, त्याला न वाजवताही मरण आहे. म्हणून नवा घेताना कडेला रबर आहे ना, हे दुकानातच बोट लावून बघायचं. पडदा प्लॅस्टिकचा म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा असला तर आपल्या पावसाला बरा. कागदाचा पडदा आवाजाला छान आणि हलका असतो, पण दारात तो पाणी पितो.

आता माप. 'साडेसहा इंची' हे नाव आहे, माप नाही, हे लक्षात ठेवलं की निम्मे घोटाळे टळतात. बुटाच्या नंबरासारखं आहे: नंबर तोच, कंपनी बदलली की पाय चावतो. लागणारी मापं तीन. दाराच्या पत्र्याला असलेल्या भोकाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि खोली. खोलीसाठी काच पूर्ण खाली करायची. काच वर असताना दारात ऐसपैस जागा दिसते, सहा महिन्यांनी कुणीतरी काच खाली करतं आणि ती स्पीकरच्या चुंबकावर आदळते. काच तळाला नेऊन, भोकातून पट्टी आत घालून, पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यातून पाच-सात मिलिमीटर सोडून द्यायचे. माझ्याकडे ४८ मिलिमीटर आले. स्पीकर हवा होता ५५ चा.

त्यावर उपाय म्हणजे मधली कडी. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये घालायची जाड रिंग, तिने स्पीकर तेवढा बाहेर येतो. दुकानात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीच्या, तयार मिळतात. घेऊ नका, दाराच्या आत पावसाचं पाणी येतं आणि एमडीएफ पहिल्याच पावसाळ्यात पावासारखा फुगतो. मी स्वयंपाकघरात भाजी चिरायला वापरतात तो पांढरा प्लॅस्टिकचा पाट नवा विकत आणला आणि सुताराकडून दोन गोल कापून घेतले. ना कुजत, ना फुगत. सुतारमामांनी "कुणाच्या लग्नाला?" एवढंच विचारलं. रिंग घातली की डोअर पॅडची (दाराच्या आतल्या आवरणाची) जाळी आतून स्पीकरला लागत नाही ना, हेही बघावं लागतं. माझ्याकडे एक बोट जागा उरली.

मोठा स्पीकर बसत असेल तर मोठाच घ्यावा का? बसत असेल तर होय. खालचा आवाज म्हणजे हवा ढकलणं. साडेसहा इंचीच्या पडद्याचं क्षेत्रफळ चार इंचीच्या अडीचपटीहून जास्त भरतं, त्यामुळे तेवढीच हवा ढकलायला चार इंचीला अडीचपट पुढे-मागे पळावं लागतं. आणि सूर जितका खाली जाईल तितकं हे पळणं बेसुमार वाढतं: १०० हर्ट्झवरून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा कमी तितका सूर खाली) ५० वर यायचं तर तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट पल्ला लागतो. छोट्या स्पीकरकडून ढोल मागितला की तो फडफडतो, ते यामुळे.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही, कारण तिचा ठोक नफा नसतो. तुम्ही स्पीकर विकत घेता ते निम्मंच वाद्य असतं. उरलेलं निम्मं म्हणजे तुमच्या गाडीचं दार.

डग्ग्याची पुडी भांड्यावरून काढून नुसती हातात धरून वाजवली तर काय ऐकू येईल? चामड्यावरची टपटप. घुमारा भांड्यात असतो. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढे लाट, मागे तिची नेमकी उलटी लाट. त्या दोघींची गाठ पडली की बेरीज शून्य. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३.४ मीटर असते, तिला स्पीकरच्या कडेची दोन बोटांची फट ओलांडायला काहीच कष्ट नाहीत. म्हणून बेस त्या फटीतून मागे जातो आणि मरतो. वरचे सूर वाचतात, कारण १०,००० हर्ट्झची लाट साडेतीन सेंटिमीटरांपेक्षाही लहान असते. जुन्या गाडीचा आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो त्याचं मोठं कारण हे आहे. स्पीकरला दोष देऊन आपण दोनदा-तीनदा स्पीकर बदलतो आणि फट तशीच.

डोअर पॅड काढलं की दिसतं काय? आतल्या पत्र्याला मेकॅनिकचा हात जाईल एवढाली भोकं, त्यांच्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद, तोही पूर्वी कुणी काच दुरुस्त करताना फाडून अर्धवट लोंबत ठेवलेला. म्हणजे भांडं आहे, पण त्याला पाच खिडक्या. या खिडक्या बंद करायच्या. मी ॲल्युमिनियमची पाठ असलेली ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट आणली, मोठ्या भोकांवर आधी पातळ ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवून वरून शीट दाबून चिकटवली. शीट घेताना डांबराच्या वासाची स्वस्त जात टाळायची. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की ती वितळून ओघळते. बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या बरोबर मागे एक तुकडा आणि पत्र्याच्या मधल्या मोकळ्या भागात एक-दोन. सगळं दार मढवायची गरज नाही. पत्र्यावर बोटाने टिचकी मारायची: आधी 'टण्ण' वाजतो, तुकडा लावल्यावर 'ठप्प'. तो 'ठप्प' ऐकू आला की थांबायचं.

स्पीकरची कडा आणि पत्रा यांच्यामध्ये दारा-खिडक्यांना लावतात तसली फोमची पट्टी. स्पीकरच्या तोंडाभोवती आणखी एक, ती डोअर पॅडच्या जाळीला आतून टेकेल इतकी जाड, नाहीतर पुढचा आवाज पॅडच्या मागेच हिंडत राहतो.

हे करताना पाण्याची वाट मात्र बुजवायची नाही. काच ज्या दोन रबरी ओठांमधून वर-खाली होते ते ओठ जुनेपणी सैल पडतात. पाऊस काचेवरून ओघळून दारात उतरतो, आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर जातो. हे व्हायलाच हवं. तळाची भोकं पिनेने मोकळी करून घ्या. माझ्या डाव्या दारातून मूठभर लाल माती आणि पिंपळाची वाळकी पानं निघाली. ती भोकं बुजली की दाराची टाकी होते, आणि स्पीकर पोहायला लागतो. चुंबकाची बाजू पाण्याच्याच मुलखात असते, म्हणून तिच्यावर वळचण हवी. बाजारात स्पीकरमागे घालायच्या फोमच्या वाट्या मिळतात. त्या घातल्याच तर खालचा अर्धा भाग कापून टाकायचा, नाहीतर स्पीकर गुदमरतो. मी तेलाचा रिकामा कॅन उभा चिरून त्याची अर्धगोल पन्हळ स्पीकरच्या वर चिकटवली. जून-जुलै काढले तिने.

बसवण्याचं काम एका दारामागे दीड तासाचं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करायची. डोअर पॅडला कुठे कुठे स्क्रू असतात ते शोधायचे: आर्मरेस्टच्या खाचेत, आतल्या कडीच्या मागे, कोपऱ्यातल्या त्रिकोणी झाकणाखाली. उरलेलं पॅड प्लॅस्टिकच्या बटणांवर असतं. ती बटणं इतक्या वर्षांनी ठिसूळ होतात, पाच-सहा तुटणारच. पुण्यात नाना पेठेत सुटी मिळतात, आधीच आणून ठेवावीत.

हाताने फिरवायची काच असेल तर तिचं हँडल हे खरं दुखणं. त्याला स्क्रू दिसत नाही. मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. स्क्रूड्रायव्हर घालून झटू नका, पॅड फाटतं. जुन्या बनियनची लांब चिंधी घ्यायची, हँडल आणि त्यामागची प्लॅस्टिकची चकती यांच्या फटीत सरकवायची आणि बूट पॉलिश करताना फडकं ओढतात तशी इकडून तिकडे ओढायची. चिंधीचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि क्लिप सुटते. सुटते म्हणजे उडते. माझी उडाली ती दिसलीच नाही. मुलाला बक्षीस लावून गालिच्याखाली शोधायला बसवलं, त्याला दोन रुपयांचं नाणं आणि एक खडूसारखा झालेला चणा मिळाला. क्लिप नाही.

वायरिंगबद्दल दुकानात दोन गोष्टी विकायचा प्रयत्न होईल. पहिली, जाड 'ऑक्सिजन फ्री' वायर. वीस वॅट ४ ओहममध्ये घालायला सव्वादोन अँपिअर लागतात. गाडीतली मूळ तार धडधाकट असेल तर तिला ते सहज झेपतं. जाड वायर दाराच्या त्या रबरी नळीतून ओवायचा द्राविडी प्राणायाम करायचं कारण नाही. दुसरी, त्यांच्याकडची 'फिटिंग': मूळ कपलर कापून, तारा सोलून, पीळ मारून, वर काळी चिकटपट्टी. उन्हाळ्यात त्या पट्टीचा डिंक होतो आणि ती सुटते. कपलर कापू देऊ नका. स्पीकरच्या पायांना छोट्या तारा सोल्डर करून, दुसऱ्या टोकाला जुन्या स्पीकरचा कपलर लावून, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवली की पुढच्या माणसाला शिव्या घालायला जागा उरत नाही. आणि पुढचा माणूस बहुधा आपणच असतो.

प्लस-मायनस सांभाळायचं. स्पीकरचा एक पाय रुंद किंवा '+' खुणेचा असतो. गाडीकडची तार कोणती प्लस हे कळत नसेल तर जुना स्पीकर कामी येतो: सेलचं प्लस त्याच्या ज्या पायाला लावल्यावर पडदा बाहेर उडी मारतो तो पाय प्लस, आणि त्या पायाला जोडलेली तार प्लसची. बाजारातल्या बहुतेक टेपच्या मागे रंग ठरलेले असतात. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असली की मायनस. एका दाराचं उलटं झालं तर काही जळत नाही, पण एक पडदा बाहेर जाताना दुसरा आत जातो. मग बेस नाहीसा होतो आणि गायक डॅशबोर्डच्या मध्ये उभा राहायच्या ऐवजी कुठेतरी डोक्याभोवती पसरतो. संशय आला तर एकाच दाराच्या तारा उलट्या करून बघा. ज्या जोडणीत बेस जास्त, ती बरोबर.

गाडी खरोखरच जुनी, म्हणजे ऐंशीच्या दशकातली वगैरे असेल, तर एक इशारा. त्या काळच्या काही गाड्यांत स्पीकरची मायनस थेट गाडीच्या पत्र्याला, अर्थला दिलेली असते. आजच्या टेपला ते अजिबात चालत नाही; त्याची स्पीकरची मायनस तार पत्र्याला लागली की चिप जाण्याची भीती. तिथे प्रत्येक स्पीकरला टेपपासून स्वतंत्र दोन तारा ओढाव्या लागतात. हा एकच प्रसंग, जिथे नवीन वायरला माझी हरकत नाही.

कोएक्सियल की कॉम्पोनंट? कोएक्सियल म्हणजे मोठ्या पडद्याच्या मध्येच छोटा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा स्पीकर, बसवलेला, एका दांडीवर. कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर वेगळा, मधे सूर वाटून देणारी डबी. वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, आणि दारातला स्पीकर आपल्या पोटरीकडे रोखलेला असतो. म्हणून ट्वीटर आरशाच्या त्रिकोणात, कानाच्या जवळपास आणला की शब्दांचे काने-मात्रे उजळतात. वेगळा ट्वीटर बसवायला तुमच्या गाडीत तशी जागा असेल, तर थोडे पैसे जास्त देऊन कॉम्पोनंट घ्यावा. नसेल तर कोएक्सियल, आणि त्यातही ट्वीटर फिरवता येतो असा. मी दुसरा घेतला आणि दोन्ही ट्वीटर वर, हनुवटीच्या दिशेने वळवले. 'थ्री-वे', 'फोर-वे', 'फाइव्ह-वे' यातल्या जादाच्या बटणाएवढ्या ट्वीटरांकडे मात्र दुर्लक्ष करा. स्वस्तातल्या स्पीकरवर ते कुंकवासारखे शोभेलाच असतात.

राहिले ओव्हल. मी त्यांना नावं ठेवतोय असं वाटेल, पण एके काळी त्यांच्यात शहाणपण होतं. मारुती ८०० सारख्या गाड्यांच्या बेस मॉडेलला टेपच नसायचा. घेणारा तो बाहेरून बसवायचा, दारात भोक पाडायची तयारी नसायची, आणि मागच्या काचेखालची फळी समोर दिसत असायची. सहा बाय नऊ इंचांचा पडदा मोठा, थोड्या विजेत जोरात वाजणारा. त्या काळाच्या टेपला तो शोभला. आज त्याच्या विरोधात माझे दोन मुद्दे. गाणं मागून ऐकणं म्हणजे सभागृहात स्टेजकडे पाठ करून बसणं. आणि हॅचबॅकची ती फळी दोन दोऱ्यांवर लटकलेली असते. दीड-दोन किलोचे दोन ओव्हल तिच्यावर, त्यांचे चुंबक मागच्या सीटवरच्या माणसाच्या मानेमागे. घाटात कचकन ब्रेक लागला तर ते कुठे जातील याचा विचार करा. मागे स्पीकर हवेच असतील तर मागच्या दारात छोटे बसवा आणि फेडर (आवाज पुढे-मागे वाटणारं सेटिंग) पुढे ठेवा. पैसे थोडेच असतील तर सगळे पुढच्या जोडीवर.

सगळं बसवून झाल्यावर टेपच्या सेटिंगमध्ये 'एचपीएफ', म्हणजे हाय पास फिल्टर, नावाची ओळ शोधा. ती १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. म्हणजे त्याखालचे सूर दारातल्या स्पीकरकडे कमी कमी होत जातील. बेस कापायचा ऐकून जीव तुटतो, पण जो सूर स्पीकरला पेलत नाही तो पाठवला तर तो बाकीचाही बिघडवतो. साडेसहा इंची आणि बंदिस्त दार असेल तर ८० वर चालेल. जुन्या टेपमध्ये ही सोय नसेल तर प्लसच्या तारेत सुमारे ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर घातला की ४ ओहमला तेच काम साधारण होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्लीकडे विचारलं तर मिळून जाईल. 'लाउडनेस' आणि 'मेगा बास' बंद. आवाज वाढवत नेताना जिथे तो फाटायला लागतो तिथून दोन खुणा खाली, ती आपली हद्द. ट्वीटर जळतात ते जास्त वॅटच्या स्पीकरमुळे नाही, त्या हद्दीपलीकडे टेप तासन्तास ताणल्यामुळे. चिप लाटेचे शेंडे कापते आणि कापलेल्या शेंड्यांतून वरच्या सुरांचा मारा ट्वीटरवर होतो.

मी बसवले तेव्हा पहिल्या दिवशी आवाज ऐकून हसूच आलं. तबल्याची शाई ऐकू येत होती. बाबांना बसवून चक्कर मारली, ते काहीच बोलले नाहीत, नुसते बातम्या ऐकत राहिले. पण डाव्या दारातून मधेच कुठेतरी 'झर्र' यायचं. ठरावीक सुरालाच. बेस कमी केला तरी यायचं. असं झालं तर मोबाइलवर टोन जनरेटर लावायचा, ४० हर्ट्झपासून हळूहळू वर न्यायचं, आणि दुसऱ्याने दारावर जागोजाग तळहात दाबत जायचं. ९० च्या आसपास झर्र सुरू झालं. पॅडच्या वरच्या कडेला हात, चालूच. आर्मरेस्ट, चालूच. खालच्या कप्प्यात हात घातला आणि थांबलं. टोलच्या जुन्या पावत्या, एक पेन, आणि तळाशी हँडलची ती क्लिप.